सरळ रेघ येत नाही, तरी येऊ का?

मागच्या अंकात कम्युनिटी गॅलरीतल्या संध्याकाळच्या फुकट चित्रकला वर्कशॉपबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की मी आठवड्यातून दोन दिवस तिथे शिकवते, पैसे लागत नाहीत, वयाची अट नाही, या. बस, एवढंच. त्यावर इतके मेल आणि मेसेज आलेत की यावेळी अख्खं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. बरेचसे प्रश्न दुसरीकडच्या वर्कशॉपला जाणाऱ्यांचे आहेत, किंवा जावं की नको म्हणून दाराशी घुटमळणाऱ्यांचे. नावं छापलेली नाहीत, बहुतेकांनी तसं सांगितलंच होतं. लांबलचक पत्रं थोडी कापलीयेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, माझं वय ५८. शाळेत चित्रकलेच्या सरांनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवून हसवलं होतं, तेव्हापासून पेन्सिल हातात घेतली ती फक्त हिशेबाला. आता वेळ आहे, गॅलरी चालत दहा मिनिटांवर आहे, पण मला साधी सरळ रेघ येत नाही हो. आलो तर बाकीच्यांचा वेळ खाईन का?

सरळ रेघ मलाही येत नाही. पट्टीने मारल्यासारखी कोणालाच येत नाही, ज्याला तशी हवी असते तो पट्टी घेतो. आपण लिहितो ते मनगट टेकवून, बोटांनी, आणि तीच सवय घेऊन चित्राला बसतो, मग दोन इंचांपुढे रेघ वळायला लागते कारण मनगटच वळतं, त्यात तुमचा काय दोष. कागद मोठा घ्या, ए-थ्री किंवा त्याच्याही वरचा, जमलं तर उभा लावा, पेन्सिल टोकापासून जरा मागे धरा आणि हात खांद्यातून फिरवा. आधी कागदाला न टेकवता दोनतीनदा हवेतच रेघ मारायची, मग टेकवायची. वीस रेघा मारा आणि पहिली नि विसावी शेजारी ठेवून बघा.

आमच्याकडे पहिल्या संध्याकाळी काय होतं ते सांगते, म्हणजे भीती जाईल. टेबलावर एक खुर्ची उलटी ठेवलेली असते, पाय वर. आणि सांगितलं जातं की खुर्ची काढायची नाही. पायांच्या मधे, दांड्यांच्या मधे ज्या फटी दिसतात तेवढ्याच काढायच्या. प्रत्येक फट म्हणजे कुठलातरी वेडावाकडा चौकोन नाहीतर त्रिकोण. खुर्ची म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात एक तयार खुर्ची असते, चार पाय सारखे, बसायची जागा चौकोनी, आणि हात तीच काढत सुटतो, समोरची कोणी बघतच नाही. फटीचं तयार चित्र मात्र कोणाच्याच डोक्यात नसतं, त्यामुळे झक मारत बघावं लागतं. गेल्या बॅचला एक गृहस्थ होते, आयुष्यभर हिशेबाचंच काम केलेले, तुमच्यासारखेच. पाऊण तास मान खाली घालून फटी काढल्या आणि मग कागद हात लांब करून धरला तर मधे खुर्ची, पाय वर करून, आणि ती त्यांनी काढलेलीच नव्हती. काही बोलले नाहीत. चष्मा काढला, शर्टाला पुसला, घातला आणि परत बघितलं.

दुसऱ्या दिवशी स्वतःचाच डावा हात काढायचा असतो, पण कागदाकडे अजिबात न बघता. डोळा बोटाच्या कडेवरून मुंगीसारखा चालवायचा आणि पेन्सिल त्याच्या वेगाने. चित्र भयंकर येतं, बोटं सहा होतात, अंगठा कुठेतरी लांब जाऊन पडतो, सगळे आपापलं बघून हसतात त्यामुळे तुमच्याकडे बघून हसायला कोणी शिल्लक राहत नाही. तुमच्या त्या सरांना हे जमलं नव्हतं.

आणि अजून एक. १८५४ साली लंडनमध्ये काम करणाऱ्या माणसांसाठी वर्किंग मेन्स कॉलेज निघालं, तिथे संध्याकाळी जॉन रस्किन चित्रकला शिकवायचे. एवढा मोठा कलासमीक्षक, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाला सुरुवातीला काढायला काय द्यायचे तर दोऱ्याला टांगलेला एक पांढरा चेंडू. चेंडूला रेघ असते कुठे? उजेड हळूहळू सावलीत जातो, तेवढंच काढायचं. तर तुमची ती रेघ घरी ठेवा आणि या.

प्रश्न : फुकट म्हणजे नक्की फुकट का? मागून पैशांचा कोर्स गळ्यात मारतात का? आमचे हे म्हणतात, फुकट ते पौष्टिक असतंच असं नाही.

ह्यांची शंका रास्त आहे. पण फुकट म्हणजे तुमच्याकडून पैसे घेत नाहीत इतकंच, खर्च कोणीतरी करतंच असतं. गॅलरीची खोली संध्याकाळी तशीही रिकामी असते. बऱ्याच गॅलऱ्यांना अनुदान किंवा देणगी मिळवताना दाखवावं लागतं की भिंतीवर चित्रं टांगण्यापलीकडे आजूबाजूच्या लोकांना या जागेचा काय उपयोग होतोय, मग वर्कशॉपची हजेरी त्यात कामाला येते. शिकवणारे कधी मानधनावर, कधी नुसतेच हौसेचे. कुठे कुठे असंही असतं की गॅलरी चित्रकाराला काम करायला जागा देते आणि बदल्यात तो आठवड्यातून एक संध्याकाळ शिकवतो. सामान मात्र विचारून घ्या. कागद-रंग त्यांचे की आपले, हे आधी कळलेलं बरं, कारण ‘फ्री वर्कशॉप’ म्हणायचं आणि दारात सामानाची यादी हातात ठेवायची हा प्रकारही चालतो.

फॉर्मवर सही करताना एक ओळ मात्र नीट वाचा, फोटो आणि चित्र वापरण्याबद्दलची. तुम्ही काढलेलं चित्र तुमचं असतं आणि त्याचे हक्कही तुमचे असतात. ते पोस्टरवर छापायचं तर त्यांनी विचारायला हवं.

बाकी ही कल्पना आजची नाही. १८५७ मध्ये लंडनला साउथ केन्सिंग्टन म्युझियम उघडलं, आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, तेव्हा ते चालवणारे हेन्री कोल यांनी आत गॅसचे दिवे लावून घेतले होते. कशासाठी, तर कामावरून सुटलेल्या माणसाला रात्रीसुद्धा येता यावं. दिवसा उघडं ठेवलेलं म्युझियम हे दिवसा मोकळं असणाऱ्यांचंच, हे त्या माणसाला कळलं होतं, आणि आजही साडेपाचला दार लावणाऱ्या गॅलऱ्या बघितल्या की मला त्यांची आठवण येते. पुढे अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३५ ते १९४३, सरकारच्या फेडरल आर्ट प्रोजेक्टमधून शंभराहून जास्त कम्युनिटी आर्ट सेंटर निघाली, तिथे फुकट वर्ग चालायचे. त्यातलं न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतलं सेंटर १९३७ मध्ये ऑगस्टा सॅवेज या शिल्पकार बाईंच्या हाताखाली सुरू झालं. जेकब लॉरेन्ससारखा चित्रकार त्याच वस्तीतल्या अशा वर्गांमधून घडला. तुमच्या ह्यांना एवढं सांगा आणि त्यांनाही घेऊन या, जागा असेल तर.

प्रश्न : वर्कशॉपमध्ये काढलेलं चित्र रात्री मस्त वाटतं आणि सकाळी घरी बघितलं की रंग पार बिघडलेले. परवा तर संध्याकाळचं ऊन काढलं होतं ते सकाळी भडक पिवळं, आणि मागचा डोंगर शाईसारखा निळा. मला रंगांधळेपणा वगैरे नसेल ना?

नाही हो. तुमचे डोळे ठीक आहेत, दिवे वेगळे आहेत. हा प्रश्न एकूण सात जणांनी विचारलाय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पिवळसर बल्ब असतो तो साधारण २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), आणि दिवसाचा उजेड ५००० ते ६५०० च्या आसपास. पिवळ्या दिव्यात निळा प्रकाश फार कमी असतो, मग निळ्या रंगाला परत फेकायला काही मिळतच नाही, तो काळपट आणि मेल्यासारखा दिसतो. आपण काय करतो, अजून निळा लावतो. पिवळ्याचं उलटं. कागदच दिव्याने पिवळट झालेला असतो, त्यावर पिवळा लावला तर दिसतच नाही, म्हणून आपण थापत जातो. आणि मग सकाळी खिडकीशी चित्र धरलं की दोन्ही चुका एकदम अंगावर येतात. दोन रंग एका उजेडात अगदी सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे, असंही होतं, त्याला मेटामेरिझम म्हणतात, कपड्याच्या दुकानात मॅचिंग घेतलेलं बाहेर उन्हात मॅच होत नाही ना, तेच ते.

गॅलरीत अजून एक भानगड असते. तिथले दिवे भिंतींसाठी लावलेले असतात. टांगलेल्या चित्रावर झोत पडतो आणि मधे जिथे आपण टेबलं टाकून बसतो तिथे आपल्याच डोक्याची सावली. आमच्याकडे पहिले दोन महिने सगळे असे अंधारात रंगवत होते आणि मी बापडी प्रत्येकाला रंग शिकवत होते. मग एकाने आपणहून टेबलं भिंतीकडे सरकवली. उजव्या हाताने काम करत असाल तर उजेड डावीकडून येईल असं बसा, नाहीतर हाताची सावली नेमकी ब्रशच्या टोकावर. दिवे बदलायचा अधिकार तुमच्या गॅलरीवाल्यांना असेल तर त्यांना सांगा की ५००० केल्विनच्या आसपासचे आणि सीआरआय ९० च्या वरचे घ्या. सीआरआय म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा, १०० पैकी. खोक्यावर लिहिलेला असतो, नसेल तर ते खोकं परत ठेवा.

दिवे बदलणं होणार नसेल तर काम वाटून घ्या. रात्री काळ्या-पांढऱ्याचं काम करायचं, म्हणजे कुठे गडद कुठे फिकं एवढंच, चारकोल म्हणजे चित्राच्या कोळशाने किंवा एकाच रंगात. रंगाचा शेवटचा हात दिवसा. आणि रात्री रंगवायचंच असेल तर घरी दिवसाउजेडी एक पट्टी करून ठेवा, प्रत्येक रंगाचा ठिपका आणि खाली त्याचं नाव, ती समोर ठेवून रंगवा. डोळा फसवतो तेव्हा नाव वाचायचं. अजून एक लक्षात ठेवा, वॉटरकलर वाळल्यावर फिका होतो आणि ऍक्रिलिक गडद होतो, कारण ऍक्रिलिकमधलं बाइंडर, म्हणजे रंगाची भुकटी धरून ठेवणारा चिकट भाग, ओलं असताना दुधाळ असतं आणि वाळलं की काचेसारखं पारदर्शक. तेव्हा सकाळचा थोडा फरक दिव्याचा नाही, वाळण्याचा आहे.

प्रश्न : आम्हीही एका छोट्या गॅलरीत महिन्याला चार संध्याकाळी फ्री वर्कशॉप घेतो. वीस जागा, फॉर्म दोन दिवसांत फुल्ल, आणि येतात नऊ-दहा. बाहेर वेटिंग लिस्टवरची माणसं हळहळतात. डिपॉझिट ठेवावं का?

अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. एकदा मी पंधरा बोर्डांना कागद चिकटवून, कोळशाचे तुकडे मोजून ठेवून बसले होते आणि आले चार. त्या दिवशी उरलेल्या अकरा जणांना मनात जे काय बोलले ते इथे छापत नाही.

पण डिपॉझिट नको. माझं मत सांगते, पटलं तर घ्या. डिपॉझिट ठेवलं की ज्यांना पैशाचा विचार करावा लागतो ते आधी गळतात आणि ज्यांना ती रक्कम काहीच नाही ते भरतात आणि तरी येत नाहीत. म्हणजे ज्यांच्यासाठी दार उघडलं त्यांच्याच तोंडावर ते लागलं. आम्ही काय केलं, आदल्या दिवशी दुपारी मेसेज टाकायला लागलो, ‘उद्या येताय का, नसाल तर फक्त नाही लिहा’. कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की माणूस लाजेने उत्तरच देत नाही आणि जागा अडून राहते. नाही आलं की लगेच वेटिंगवरच्या पहिल्याला फोन. वीस जागांना पंचवीस नावं घ्यायचीही सवय लावली, एखाद्या दिवशी सगळे उगवले तर दोघांनी एक टेबल वाटून घ्यायचं, कोणी मेलं नाही त्याने.

दुसरं म्हणजे चार भागांची मालिका ठेवू नका. पहिली संध्याकाळ चुकली की माणूस म्हणतो आता आपल्याला काही कळणार नाही, आणि पुढच्या तीनही चुकवतो. प्रत्येक संध्याकाळ आपापली पुरी पाहिजे. आणि ऑफिसातून येणारे वीस मिनिटं उशिरा येणारच, त्यांच्यासाठी सुरुवात अशी ठेवा की मधे घुसलं तरी चालतं, तीस सेकंदांची भराभर स्केचेस वगैरे. उशिरा आलेल्याला सगळ्यांसमोर ‘या या, आम्ही वाटच बघत होतो’ असं म्हणणारे शिक्षक असतात, त्यांच्याकडे तो परत येत नाही.

प्रश्न : माझ्या आईचे हात थरथरतात. तिला रंगांची फार आवड आहे, पण ती म्हणते लोकांमध्ये जाऊन सांडलवंड करण्यापेक्षा घरी बरी. तिला आणू का आणि काय करता येईल?

आणा. आधी फोन करून सांगा म्हणजे कडेची, भिंतीजवळची जागा धरून ठेवता येईल, मागून कोणी ये-जा करत नाही आणि खुर्चीला हात असतात.

बारीक ब्रश देऊ नका, थरथर टोकाशी जास्त दिसते. जाड दांड्याचा ब्रश घ्या किंवा आहे त्याच दांड्याला फोमची नळी नाहीतर कापडाची पट्टी गुंडाळून रबरबँड लावा, मुठीत धरता येईल इतका जाड करा. कागद चारही बाजूंनी टेपने टेबलाला चिकटवा. पाण्याचा ग्लास नको, जड बुडाचा पसरट वाडगा ठेवा आणि त्याच्याखाली ओला रुमाल, मग तो सरकत नाही. कोपर टेबलावर टेकवलं की हात बराच शांत होतो. चारकोलचा जाडसर तुकडा आडवा धरून घासायला सांगा, त्यात थरथर रेघ म्हणून दिसतच नाही, पोत म्हणून दिसते.

उतारवयात चित्र म्हटलं की लोक लगेच अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेसचं नाव घेतात, सत्तरी उलटल्यावर रंगवायला लागल्या आणि जगप्रसिद्ध झाल्या. मला त्यातलं जगप्रसिद्ध तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. त्या आधी भरतकाम करायच्या, सांधे दुखायला लागले, सुई धरवेना, म्हणून ब्रश घेतला, ते मला जास्त आवडतं. आणि फ्रेंच चित्रकार आंरी मातीस, १९४१ च्या मोठ्या ऑपरेशननंतर फार उभं राहता येईना तेव्हा मदतनिसांकडून कागद रंगवून घ्यायचे आणि अंथरुणात किंवा चाकाच्या खुर्चीत बसून कात्रीने कापायचे. आईंना ब्रश नकोच वाटला तर रंगीत कागद फाडून चिकटवायला द्या. फाडायला, कापायला नाही, फाडलेल्या कडेला थरथर शोभून दिसते.

सांडलवंडीचं म्हणाल तर आमच्या फरशीकडे एकदा बघा म्हणावं.

प्रश्न : वर्कशॉपच्या सरांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि माझ्या चित्रावर सरळ नाक दुरुस्त करून टाकलं. चित्र चांगलं झालं, सगळे वा वा म्हणाले, पण मला ते घरी न्यावंसंच वाटेना. मी जास्त मनाला लावून घेतेय का?

नाही. ते चित्र आता दोघांचं झालंय, आणि तुम्हाला विचारून झालेलं नाही.

सरांची बाजू सांगते, कारण मीही त्या बाजूला उभी असते. दोन तास, पंधरा माणसं, प्रत्येकाच्या वाट्याला आठ मिनिटं, आणि नाक तोंडाने समजावून सांगायला लागतात पाच. हाताने अर्ध्या मिनिटात होतं. मोह होतो. मलाही एकदा झाला होता, एक आजी कितलीवरची चमक दाखवायचा प्रयत्न करत होत्या, मी खोडरबर घेतलं आणि एका फटक्यात चमक काढून दाखवली. आजींनी ‘छान’ म्हटलं आणि हळूच कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कितली परत पहिल्यापासून काढायला घेतली. तेव्हापासून मी खिशात बटर पेपरचे तुकडे ठेवते. चित्रावर बटर पेपर ठेवायचा, त्यावर काय ते दाखवायचं आणि उचलून घ्यायचा. खाली त्यांचं चित्र जसंच्या तसं. किंवा कागदाच्या कडेला समासात दाखवायचं.

पुढच्या वेळी सर जवळ आले की आधीच बोला, ‘सर, बाजूला काढून दाखवाल का, मला स्वतः करून बघायचंय’. चांगला शिक्षक असेल तर त्याला बरंच वाटेल. त्या नाकाचं म्हणाल तर पुसा. सहज पुसलं जातं, ग्राफाइटच तर आहे.

प्रश्न : क्ले वर्कशॉपमध्ये केलेला हत्ती घरी नेल्यावर तिसऱ्या दिवशी पाय गळाले. चिकटवला होता व्यवस्थित.

फोटो बघितला, बिचारा. दोन गोष्टी झाल्यात. पाय नुसते ओल्या मातीवर दाबून लावलेत, तसं चालत नाही. दोन्ही बाजू आधी काट्याने किंवा सुईने आडव्या-उभ्या खरवडायच्या, मग माती पाण्यात कालवून केलेला दाट घोळ मधे लावायचा आणि दाबून जरासं गोल फिरवायचं. दुसरं, पोट जाड आणि पाय बारीक, बारीक भाग आधी वाळतो, वाळताना माती आक्रसते, पोट अजून ओलं असतं, मग सांध्यावर तडा जातोच. पोट आतून पोखरून सगळीकडे सारखीच जाडी ठेवा, पहिले काही दिवस प्लास्टिकची पिशवी सैल घालून हळूहळू वाळू द्या, पंख्याखाली नको.

आणि खरी माती असेल तर ती वाळली तरी भाजल्याशिवाय टिकाऊ होत नाही. पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसला होते, घरचा ओव्हन तिथे पोचत नाही, प्रयत्नही करू नका. आत ओल राहिली असेल तर भट्टीतसुद्धा वाफ होऊन तुकडे उडतात. गॅलरीला भट्टी नसेल तर हवेत वाळणारी क्ले मागा.

आता राहिलेले भराभर.

लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून त्याचा ठसा कागदावर घेतात त्यात, नाव उलटं छापलं गेलं असं लिहिणाऱ्यांनो, तुम्ही पाच जण आहात. ठशावर उलटं तर कागदावर सुलट. नाव आधी बटर पेपरवर लिहा, पेपर पालथा करून लिनोवर गिरवा. लिनो कडक लागत असेल तर कोरण्याआधी दहा मिनिटं मांडीखाली घेऊन बसा, मस्करी नाही, त्यात जवसाचं तेल आणि बुचाचा भुसा असतो, ऊब लागली की मऊ होतो. आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे. पुढे नाही, मागे.

काय आणू असं विचारणाऱ्यांना, एचबी पेन्सिल नको. १७९५ मध्ये निकोला-जाक काँते यांनी ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजायची युक्ती काढली, आजही पेन्सिल तशीच होते, माती जास्त तर कडक आणि फिकी, ती एच, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी, ती बी. टू-बी आणि सिक्स-बी पुरे. खराब झाला तरी चालेल असा शर्ट घाला, ऍक्रिलिक वाळलं की पाण्याने निघत नाही.

मोबाइलवरच्या फोटोवरून काढलं तर चालेल का? चालेल, पण गॅलरीत येऊन फोनमध्ये बघत बसणार असाल तर समोर खरी खुर्ची कशाला उलटी करून ठेवलीये मी. फोटोत सावल्या काळ्या ठिक्कर होतात, खऱ्या सावलीत केवढं काय काय दिसतं.

शेवटच्या प्रदर्शनात चित्र लावायची लाज वाटते, नाही म्हणू का? म्हणा की. कोणी जबरदस्ती करत नाही. लावणार असाल तर चारकोल असल्यास फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारा स्प्रे, मारून आणा, मोकळ्या हवेत, लांबून, दोन पातळ हात. नाहीतर भिंतीवर टांगेपर्यंत अर्धं चित्र तुमच्या बाहीवर आलेलं असतं.

ब्रश खराब का होतात असं आमच्याच बॅचमधल्या एकाने विचारलंय, नाव लिहिलं नाही. ऍक्रिलिकचा ब्रश आधी कापडाला नीट पुसायचा, मग पाण्याने धुवायचा, केस बोटांनी सरळ करायचे आणि आडवा ठेवून वाळवायचा. मगात केस खाली करून उभा ठेवला की ते वाकतात आणि पाणी दांड्यात शिरून रंग सोलतो. मंगळवारी तीन ब्रश असे उभे सोडून कोण घरी गेलं ते मला माहितीये. दांड्यावर हिरवा अंगठा उमटलाय.